समासातली माणसं

पुस्तकाच्या समासात एवढी माणसं नांदत असतील, याची मला खरंच कल्पना नव्हती!

भोरच्या एका वाचनालयात किल्ल्यांवरचं एक जुनं पुस्तक हाती आलं. मुखपृष्ठ गेलेलं, शिवण सैल. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाकडे जाणाऱ्या वाटेचं वर्णन होतं, तिथे कुणीतरी पेन्सिलीने बाण काढून लिहिलं होतं, ‘धुकं असेल तर उतरू नये. थांबावं.’ आणि त्याखाली निळ्या शाईत, अगदी निराळ्या वळणाचं अक्षर, ‘बरोबर. आम्ही थांबलो.’

नाव नाही, तारीख नाही. पण एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने ऐकलं! माझ्या अंगावर काटा आला.

मग नादच लागला. दिसेल ते पुस्तक उघडायचं आणि आधी कडा बघायच्या. पाककृतींच्या एका पुस्तकात भातासाठी ‘अडीच वाट्या पाणी’ छापलं होतं. त्यावर काट मारून ‘दोन’. त्याच्या शेजारी तिसऱ्याच कुणाचं तरी, ‘नवा आंबेमोहोर असेल तर दोन. जुन्याला अडीचच.’ भोर-वेल्हे म्हणजे भाताचा मुलूख, इथे छापलेलं माप मुकाट्याने कोण मान्य करणार! एका माहितीपुस्तिकेत ‘वेल्हे तालुका’ खोडून वर ठसठशीत ‘राजगड’ लिहिलेलं. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने नव्या नावाला मान्यता दिली, आणि कुणा वाचकाने ती लगेच अमलातही आणली. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहिणारे महाभागही भेटले. त्यांना माफी नाही.

सगळ्यात गोड खूण म्हणजे एक इवलंसं फूल. कितीतरी कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानावर, आतल्या कोपऱ्यात, पाच पाकळ्यांचं. ग्रंथपाल बाईंना विचारलं तर त्या हसल्या. ‘बाइंडिंग झालं की सगळी पुस्तकं सारखीच दिसतात हो. वाचलंय की नाही ते कळावं म्हणून इथे येणाऱ्या एक आजी खूण करून ठेवायच्या.’ पुढे कळलं की स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका वाचनालयातही २०१८ मध्ये हेच उघडकीला आलं होतं. तिथल्या वयस्क वाचक ठरावीक पानाचा आकडा अधोरेखित करून ठेवत. कुठे डंडी, कुठे भोर!

पुस्तकात हात घालायची खोड तशी जुनीच. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये लोकांनी इतके शब्द बदलले, इतक्या ओव्या घुसडल्या की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांना पाठ शुद्ध करावा लागला. वर यापुढे कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये जो ऑर्टन आणि केनेथ हॅलिवेल या लेखक मित्रांनी वाचनालयाच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर भलतीच चित्रं चिकटवली, म्हणून १९६२ मध्ये दोघांना सहा महिन्यांची कैद झाली. आज तीच मुखपृष्ठं तिथल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत.

पानं फाडणं ही चोरीच, आणि बॉलपेनने केलेली गिचमीड मलाही सहन होत नाही. पण त्या धुक्याच्या इशाऱ्याचं काय करायचं? तो छापील मजकुराइतकाच मोलाचा आहे, कदाचित जास्तच. आणि तो टिकेलच असं नाही. पुस्तक फेरबांधणीला गेलं की बाइंडर तिन्ही कडा यंत्रावर सारख्या कापतो, आणि समासातलं अर्धं वाक्य कातरणात जातं. जे पुस्तक फारच खिळखिळं होतं, ते तर दप्तरी बाद होऊन थेट रद्दीत.

म्हणून भोर-वेल्ह्यातल्या, आणि कुठल्याही गावच्या, ग्रंथपालांना हात जोडून विनंती. पुस्तक बाइंडरकडे द्यायच्या किंवा बाद करायच्या आधी पानं एकदा चाळा, समास बघा आणि काही सापडलं तर मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.