डावा हात कधी उचलावा

यंदाच्या पावसाळ्यात डावी करंगळी आखडली आणि दहाव्या सुराची झेप गेली. जॅझ पियानोवर स्ट्राइड वाजवणाऱ्याची सगळी ऐट त्या झेपेत असते. १९३०च्या दशकात टेडी वेदरफर्ड मुंबईच्या ताजमध्ये ज्या ऐसपैस डाव्या हाताने वाजवत, त्याच घराण्याचा मी, असं मनातून मानत आलो होतो. हा अभिमान मी कधी सोडला नाही.

आता हातात कॉर्डचे दोनच सूर उरलेत, तिसरा आणि सातवा. मूळ सूर बेसवाल्याकडे. त्याचं दुःख नाही; बड पॉवेल यांचा डावा हातही पुष्कळदा दोन सुरांवरच भागवायचा. अडचण वेगळीच आहे, आणि ती करंगळी धड असतानाही होती. कॉर्ड लावायची कधी हे हाताला कळतं, उचलायची कधी हे कळत नाही. माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात रेड गार्लंड दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेनंतरच्या अर्ध्यावर डावा हात टाकत. त्या जागेची नक्कल सगळे करतात. पण लांबीचं काय? कॉर्ड केसभर रेंगाळली की उजव्या हाताची ओळ जड होते. केसभर आधी तुटली की ड्रमरशी भांडण. रोज सकाळी मी एवढंच वाजवतो: एक कॉर्ड, आणि ती सोडणं.

नवी शिष्या पेटीवर शिकलेली. पेटीवाल्यांचा डावा हात भात्यावर, म्हणून पट्ट्यांवर तो कच्चा, असं आम्ही पियानोवाले सरसकट म्हणतो. मला हे पटत नाही. साथ करताना भात्यावरच्या हाताला गायकाचा दमसास कळत गेलेला असतो. तिने दोन सुरांची कॉर्ड सोडली ती नेमक्या जागी.

‘‘सर, काही चुकलं का?’’

‘‘नाही. पुन्हा वाजव.’’

मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो.

हल्ली कीबोर्डच्या वर्गांत एक बटण चालू करून डाव्या हाताने एक पट्टी दाबली की यंत्रच कॉर्ड, बेस, ड्रम पुरवतं. शिकवणारे याला सोय म्हणतात. मी याला हात तोडणं म्हणतो. १९९३मध्ये पक्षाघाताने पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांचा डावा हात दुबळा झाला, तरी ते मंचावर परतले. आपण मात्र धडधाकट पोरांचे डावे हात बटणाला देऊन टाकतो आहोत. वर्ग घेणाऱ्यांनो, निदान पहिलं वर्षभर ते बटण बंद ठेवा.