अर्धांगवायूनंतरचें आयुष्य

आमच्या आजोबांस अर्धांगवायूचा झटका येऊन सात वर्षें लोटलीं. उजवा हात निकामी झाला, बोलणें अडखळूं लागलें. मायेपोटीं आम्हीच त्यांस भरवीत असूं. पाहुण्यांशीं त्यांच्या वतीनें बोलतही असूं. एके दिवशीं चमचा डाव्या हातीं घेऊन ते म्हणाले, "मी... मी जेवीन." आम्ही ओशाळलों.

तेव्हां आम्हांस लुई पाश्चर आठवले. १८६८ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, त्यांचें डावें अंग लुळें पडलें. अधूपणा राहिला, पण संशोधन थांबलें नाहीं. १८८५ सालीं पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या मुलास त्यांची लस टोचली गेली. टोचणारा हात वैद्याचा होता. विद्या पाश्चर यांची!

आतां आजोबा सावकाश जेवतात, घरचा हिशेब तपासतात. आम्ही थांबावयास शिकलों. बालमित्रहो, रुग्णास औषध द्यावें, तसें कामही द्यावें.