पोपट मेला, हे मुलांना कोण सांगणार?

अकबराचा लाडका पोपट मेला, तेव्हा बिरबलाने ते सरळ सांगितले नाही. पोपट खात नाही, पीत नाही, हलत नाही, असे म्हणत त्याने वेळ निभावून नेली. मुलांसाठी नाटक लिहायला बसलेल्या मोठ्या माणसांचेही पुष्कळदा असेच होते. मरण, अन्याय, भीती हे विषय आले की लेखणी अडखळते. ‘मुलांना काय कळतंय!’ म्हणून मग राक्षसाला शेवटी सद्बुद्धी होते आणि सगळे मिळून नाचतात.

बंगळूरला मोठे काम केलेले रंगकर्मी बी. व्ही. कारंत यांनी मात्र मुलांच्या नाटकासाठी नेमकी मेलेल्या पोपटाचीच गोष्ट निवडली. ती रवींद्रनाथांची. पक्षी अडाणी आहे, त्याला शिकवा, अशी राजाची आज्ञा होते. सोन्याचा पिंजरा येतो, पोथ्यांच्या चळती लागतात, पंडितांना बिदागी मिळते आणि पोपटाच्या चोचीत पानेच्या पाने कोंबली जातात. पोपट मरतो. राजा त्याला दाबून पाहतो, तर पोटात नुसती कागदांची सळसळ! कारंतांनी कन्नडमध्ये त्याचे ‘पंजर शाले’ म्हणजे ‘पिंजऱ्याची शाळा’ केले. दप्तराचे ओझे उतरवून तालमीला आलेल्या मुलाला हा पोपट कोण, हे समजावून द्यावे लागत नाही. अवघडल्यासारखे होते ते पहिल्या रांगेतल्या पालकांना. कारंत स्वतः लहानपणी घरातून पळून गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत गेले होते. पिंजरा त्यांना वेगळा शिकावा लागला नसेल.

त्यांच्या पत्नी प्रेमा कारंत आधी शिक्षिका, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदवीधर. 1979 मध्ये त्यांनी बंगळूरला ‘बेनक मक्कळ केंद्र’ सुरू केले. तिथले पहिले नाटक होते ‘अळिलु रामायण’, म्हणजे खारीचे रामायण. आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो, तीच ही खार. वर्गात चाळीस मुले असतात आणि राम एकच! लिहिणाऱ्याने सेतू बांधायला घेतला की निदान प्रत्येकाच्या हातात एक दगड तरी येतो.

भाषेचा प्रश्न वेगळाच. बंगळूरच्या मराठी घरांतले मूल गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी बोलते. गणेशोत्सवाच्या नाटुकल्यात त्याच्या तोंडी ‘माते, मज निरोप दे’ घातले, तर ते पाठ करते खरे, पण खेळत नाही. तेच ‘आई, येतो गं’ म्हणू दिले की हातपाय आपोआप मोकळे होतात.

सर्वांत आबाळ होते ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची. पऱ्या मागे पडलेल्या, मोठ्यांचे नाटक अजून दूर. पुण्यात 1986 पासून डॉ. मोहन आगाशे आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ची नाटके मराठीत आणली, तेव्हा मुलांच्या घरातली खरी भांडणे रंगमंचावर आली. बंगळूरच्या जे. पी. नगरात अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये ‘रंग शंकरा’ उभे राहिले. त्यांनी जर्मनीतल्या मानहाइमच्या ‘श्नाव्हल’ या बालरंगभूमीबरोबर ‘द बॉय विथ अ सूटकेस’ हे माइक केनी यांचे नाटक केले. त्यातला नाझ युद्धामुळे घर सोडून, एक सूटकेस घेऊन लंडनच्या वाटेला लागतो. त्याच्यापाशी सिंदबादच्या सफरींच्या गोष्टी आहेत. रस्ता लांब आहे, माणसे फसवणारीही भेटतात, आणि मागे परतायला घर उरलेले नाही. मुलांना हे सगळे दाखवले जाते.