भोंवऱ्याचें लांकूड

खेळण्याची परीक्षा रंगावरून करण्याची संवय आपल्या सुशिक्षित घरांत इतकी मुरली आहे, कीं खालचें लांकूड कोणतें असें विचारणारा गृहस्थ विक्षिप्त ठरतो. तो विक्षिप्तपणा पत्करून आम्ही भोंवऱ्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

भोंवरा फार वेळ फिरावा तर तो जड हवा, आणि तो जडपणा अक्षाभोंवतीं सारखा वांटलेला हवा. साग दर घनमीटरास सुमारें ६५० किलो भरतो, तर खैर १००० किलोंच्या आसपास. किनवटच्या जंगलामुळें आम्हां नांदेडकरांच्या ओठीं सागाचें नांव प्रथम येतें. परंतु दारांखिडक्यांस योग्य तें आपटण्याच्या खेळास योग्य असेलच असें नाहीं. आमचें मत बाभळीच्या बाजूचें आहे. बांधावर वाढणाऱ्या या कांटेरी झाडानें शेतकऱ्याला नांगर दिले, गाडीचीं चाकें दिलीं. भोंवऱ्याचा मार तें सहज सोसतें. मात्र बाहेरचें पांढरट लांकूड टाकून आंतलें तांबूस घ्यावें. पांढऱ्यांत किडा लौकर शिरतो, आणि एका अंगास तें व दुसऱ्या अंगास हें राहिलें तर भोंवरा डुगडुगतो. खोडाचा ऐन मध्यही वगळावा, कारण चिरा बहुधा तेथूनच पडूं लागतात.

हलकें लांकूड वाईट, असा याचा अर्थ नव्हे. सावंतवाडीचीं रंगीत फळें पांगाऱ्याचीं असतात. तीं फिरवावयाचीं नसून पाहावयाचीं असतात. चन्नपट्टणचे कारागीर काळा कुडा वापरतात, कारण त्याच्या बारीक पोतावर लाख सफाईनें बसते. काम पाहून लांकूड निवडावें, एवढेंच सूत्र.

खरी कसोटी वाळवणीची आहे. लांकूड वर्षवलयांच्या दिशेनें जितकें आक्रसतें, त्याच्या साधारण निम्मेंच गाभ्याकडे आक्रसतें; म्हणून ओल्या लांकडाचा आज गोल कातलेला चेंडू पुढें लंबगोल होतो. जपानी केंदाम्यांत दांड्याच्या तीन वाट्यांत चेंडू झेलावयाचा व टोंकावर त्याचें भोंक बसवावयाचें असतें. तेथें एवढा फरकही खेळ बिघडवितो. त्यासाठीं बीच, मेपल अशीं लांकडें पूर्ण वाळवून मगच कातावीं लागतात.

आपल्या काताऱ्यासही ही विद्या ठाऊक आहे. पण लांकूड महिनोन्‌महिने पडूं देणें म्हणजे भांडवल अडकविणें. आणि ज्या गिऱ्हाइकास प्लास्टिकच्या भोंवऱ्याच्या भावांतच लांकडी हवा असतो, त्याच्यासाठीं तें कोण अडकवील? ओला माल विकला म्हणून काताऱ्यास दोष देणें सोपें. वाळलेल्या लांकडाचा दाम देणें कठीण. ज्या घरांतून मुलांच्या शिकवणीस हजारों रुपये सहज निघतात, तेथून हे थोडे अधिक रुपये निघाले तर कातारी चरक सोडून दुसऱ्या धंद्यास लागणार नाहीं. आणि मुलासही, आपल्या हातांतली वस्तु कोणत्या झाडाची, हें सांगतां येईल.