आजोबांच्या पिशवीतील दाखला

जून-जुलैत काशीदच्या माझ्या दवाखान्यात तापाच्या रुग्णांबरोबरच प्रमाणपत्रे मागणाऱ्या विद्यार्थ्यांचीही वर्दळ असते. नर्सिंगच्या ऑनलाइन प्रवेश अर्जास गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा व जातीचा दाखला यांसोबत वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. पाच मिनिटांचे काम, असे मी समजत असे.

गेल्या पावसाळ्यात पंचाहत्तरीचे एक आगरी गृहस्थ नातीला घेऊन आले. ती खुर्चीत बसली. ते दाराची चौकट धरून उभे. कपाळावर घाम, हात थरथरत होते. दोघे मुरूडहून एसटीने परतले होते. पहाटे मधुमेहाची गोळी घेतली, न्याहारी राहिली, दुपारपर्यंत पोटात नुसता कोरा चहा. “उकाड्यानं झालंय,” नात म्हणाली. रक्तातील साखर ५४ निघाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८६. मग कंपाउंडरच्या डब्यातील भाकरी-भाजी त्यांच्यापुढे ठेवली.

“बाबा, मुलाला पाठवायचं होतं,” मी किंचित रागावूनच म्हणालो.

“हा कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, डॉक्टर.”

मांडीवरील प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या स्वतःच्या शाळेतील १९५७ सालच्या नोंदीचा उतारा होता. इतर मागासवर्गीयांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो आणि त्या घरात तो एवढाच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात छपराचे पत्रे उडाले, तेव्हा ही पिशवी सदऱ्याच्या आत घालून ते शेजारच्या पक्क्या घरात पोचले होते. नातीचा अर्ज त्या कागदावर उभा होता आणि कागद सांभाळणारा माणूस उपाशी फिरत होता.

या गडबडीत मी प्रमाणपत्रावर सही केली, शिक्काही मारला. माझा नोंदणी क्रमांक घालायचा राहिला. दोन दिवसांनी मुलगी परत आली. अर्ज त्रुटीसह परतला होता आणि दुरुस्तीची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. ती मला एक शब्दही बोलली नाही, त्याने अधिकच ओशाळलो. नवे प्रमाणपत्र लिहिले, दोनदा वाचले आणि दवाखान्यातल्याच स्कॅनरवरून तिला ते अपलोड करू दिले.

आपल्या घरी असे दाखल्यांचे दिवस असतील, तर आजी-आजोबांना बाहेर नेण्यापूर्वी ते जेवले का, एवढे अवश्य विचारावे. मधुमेहाच्या काही गोळ्या रिकाम्या पोटी साखर फार खाली आणतात. घाम व थरथर हे उन्हाचेच असे धरू नये. खिशात साखरेची पुडी आणि औषधांची यादी असावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही मिळतात, तेवढी एक खेप वाचते.

पुढच्या महिन्यात आजोबा साखर तपासायला आले. पिशवी तीच होती. उताऱ्याशेजारी आता बिस्किटांचा पुडा होता आणि नातीच्या प्रवेशाची पावती, चार घड्या घातलेली.