जागी पोथी

आमच्या निपाणीच्या घरात गुरुचरित्राची पोथी घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा मान घेऊन राहायची. देव्हाऱ्याच्या बाजूला, लाल बासनात बांधलेली. तिच्याकडे पाय करून कुणी बसत नसे. तिच्यादेखत भांडण निघालं की आज्जी म्हणायची, "हळू बोला रे, ऐकतीया ती." ग्रंथ जागृत आहे, तो पाहतो, ऐकतो, चुकलेलं ओळखतो, हे आम्हा पोरांना कुणी समजावून सांगितलं नाही. चालायला शिकलो तेव्हापासून ते आम्हाला ठाऊकच होतं.

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी सप्ताह बसे. आबा एरवी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. ते सात दिवस उंबरठा ओलांडत नसत. पहाटे आंघोळ, सोवळं, पूर्वेकडे तोंड, आणि शेजारी एक रिकामा पाट. तो दत्तमहाराजांचा. रोज कुठपर्यंत वाचायचं हे पोथीनंच ठरवून दिलेलं: पहिल्या दिवशी नववा अध्याय, मग एकविसावा, एकोणतिसावा, पस्तिसावा, अडतिसावा, त्रेचाळिसावा आणि शेवटी त्रेपन्नावा. मध्ये उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. रात्री पोथीजवळ चटईवर डाव्या कुशीवर निजायचं, कारण महाराजांना काही सांगायचं असेल तर ते स्वप्नात येऊन सांगतात. समाप्तीच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी हवीच. अठराव्या अध्यायात दत्तावतार नृसिंह सरस्वती महाराज एका गरीब ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटून टाकतात, त्याची बायको रडू लागते, आणि मुळाशी खणताना मोहरांचा हंडा सापडतो. ती कथा नरसोबावाडीच्या परिसरातली, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळची. वाडीला आम्ही निपाणीहून जात-येत असू. त्यामुळे तो वेल कुणाच्या परड्यातला असेल, याचा अंदाज आम्ही मुलं गाडीच्या खिडकीतून बांधत असू.

आणखी एक नियम होता. बायकांनी पोथी ऐकायची, वाचायची नाही. आज्जी, आई, आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकत. कारण विचारलं की उत्तर एकच, "तिला चालत नाही." म्हणजे कुणा माणसाला चालत नाही असं नव्हे, पोथीला चालत नाही. आज मागे वळून पाहते तेव्हा जागृत ग्रंथाची खरी ताकद मला इथं दिसते. माणसांनी घातलेली बंदी ग्रंथाच्या नावावर गेली की तिच्याशी वाद घालायला समोर कुणी उरत नाही.

मी पोथी हातात घेतली ती लग्नानंतर, बेळगावात. सासूबाई बेळगावच्याच. मी लांबूनच नमस्कार करते हे पाहून त्यांनी एके दिवशी बासन सोडलं आणि म्हणाल्या, "वाच की. आपलीच आहे." मी वाचायला बसले, आणि लहानपणापासून ऐकलेला ग्रंथ पहिल्यांदा मला भेटला.

पहिली गोष्ट कळली ती त्याच्या कर्त्याविषयी. सरस्वती गंगाधर हे कडगंचीचे. कडगंची आज कलबुर्गी जिल्ह्यात आहे, नृसिंह सरस्वतींच्या गाणगापुराहून फार लांब नाही. त्यांचे पूर्वज सायंदेव हे महाराजांचे शिष्य. घरची भाषा कन्नड, आणि मराठी आपल्याला नीट येत नाही, हे सरस्वती गंगाधर ग्रंथात स्वतःच सांगतात. तरीही सोळाव्या शतकात या माणसानं सात हजारांवर ओव्या मराठीत लिहिल्या. एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेव महाराजांची स्तुती करतो, तेव्हा ग्रंथ मध्येच कन्नड बोलू लागतो. पुण्या-मुंबईचे वाचक तिथं अडखळतात. आबांची जीभ कधी अडली नाही. चिकोडीकडचे त्यांचे स्नेही तर तेवढ्याचसाठी त्या दिवशी येऊन बसत. महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्याला वेदासारखा मान आहे, तो ग्रंथ महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या माणसानं दिलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली, त्यानंतर भाषेवरून इथं काय काय सोसलं गेलं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दोन भाषा एका पोथीत शेजारी बसल्या आणि ग्रंथाचं पावित्र्य कुठं कमी झालं नाही.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की गुरुचरित्रात चमत्कार जितके आहेत तितकाच कायदाही आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात कोणत्या पापाला पुढला कोणता जन्म, याची यादी आहे. एकतीस-बत्तीसमध्ये पतिव्रतेनं आणि विधवेनं कसं वागावं ते आहे. छत्तीस-सदतीसमध्ये पहाटे उठण्यापासून जेवणापर्यंत ब्राह्मणाचा दिनक्रम आहे. सिद्धमुनीनं नामधारक या शिष्याला सांगितलेल्या या ओव्या आमच्या घरात रोज पाळल्या जात होत्या. कुणी कधी उठायचं, कोणी आधी जेवायचं, कुणी कुठे बसायचं, हे तिथूनच यायचं.

माझी आत्या ऐन तारुण्यात विधवा झाली होती. दर वर्षी चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून विधवेचे नियम ऐकत असे: काय नेसायचं, काय खायचं, कुठं निजायचं. पुढे ती माझ्याकडे बेळगावला राहायला आली, तेव्हा ते दोन अध्याय मी तिला वाचून दाखवले. कथा माहूरच्या जोडप्याची. क्षयानं खंगलेल्या नवऱ्याला घेऊन ती मुलगी गाणगापुरास येते आणि तो वाटेतच जातो. एक योगी येऊन तिला स्त्रीधर्म सांगतो, ती सहगमनाला निघते, वाटेत महाराजांच्या पाया पडते, आणि तिचा नवरा उठून बसतो. वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, "नियम ऐकले की जन्मभर. पण शेवटी महाराजांनी नियम बाजूला ठेवले, ते मला कुणी मोठ्यानं सांगितलं नाही."

आत्याच्या त्या बोलण्यानंतर मी पोथी निराळ्या नजरेनं वाचू लागले. हा ग्रंथ नियम सांगतो आणि कितीदा तरी करुणेपायी तेच नियम स्वतः ओलांडतो. माहूरच्या मुलीला तो नवरा परत देतो. एकोणचाळिसाव्या अध्यायात साठ वर्षांच्या वांझ बाईला मूल देतो. ग्रंथ जिवंत वाटतो तो अशा ठिकाणी. तिथं कायद्याला माणसाचं दुःख दिसतं.

पण एका दारापाशी ही करुणा थांबते. पंचविसाव्या ते सत्ताविसाव्या अध्यायांत दोन गर्विष्ठ ब्राह्मण वेदांवर वाद घालायला येतात. महाराज वाटेनं जाणाऱ्या, जातीनं खालचा ठरवलेल्या एका माणसाला बोलावतात आणि शिष्याकडून जमिनीवर सात रेघा ओढवून घेतात. एकेक रेघ ओलांडताना त्याला एकेक मागचा जन्म आठवतो. सातव्या रेघेपलीकडे तो वेद म्हणू लागतो आणि दोघे पंडित गप्प होतात. पुढच्या अध्यायात तो महाराजांना विचारतो, आता मला परत का जायचं? महाराज त्याच्या अंगावर पाणी घालायला लावतात. महाराजांनी लावलेलं भस्म धुऊन जातं, ज्ञान जातं, आणि तो आपल्या बायकामुलांत परततो. ब्राह्मणांचा गर्व उतरवायला त्याचा उपयोग झाला, त्याचं स्वतःचं काही झालं नाही. मरण मागे फिरवणाऱ्या महाराजांच्या ग्रंथात जात मागे फिरली नाही. हा अध्याय वाचताना मला आजही त्रास होतो, आणि तो होऊ नये असं मला वाटत नाही.

कारण त्या माणसाचा प्रश्न माझ्या गावानंही ऐकला आहे. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. पुढे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तयार केलेलं संविधान संविधानसभेनं स्वीकारलं. भस्म धुऊन परत पाठवता येणार नाही, असा माणूस प्रथमच कायद्यात लिहिला गेला.

जागा ग्रंथ मला पुढे एका खेळातही भेटला. माझी भाची बेंगळुरूत असते. मित्रमैत्रिणी जमवून ती एक खेळ खेळते. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून कथा घडवायची. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं तो तीन लहान पुस्तिकांत आणला. त्या पुस्तिकांतल्या काही जादूच्या तलवारींना बुद्धी आहे, अहंकारही आहे. तलवारीचं मन धारकापेक्षा जबर असेल तर माणूस तलवार चालवत नाही, तलवार माणसाला चालवते. भाची स्वतःच्या खेळासाठी कायद्याचा एक जादूचा ग्रंथ रचत होती. त्याला जाणीव आहे, तो गुन्हा ओळखतो आणि निवाडा देतो. "मावशी, असा ग्रंथ कसा बोलेल गं?" तिनं विचारलं. मी तिला आमची पोथी सांगितली: रिकामा पाट, डावी कूस, "तिला चालत नाही", सात रेघा. ती बराच वेळ प्रश्न विचारत राहिली. तिच्या खेळात शेवटचा शब्द पुस्तकाचा नसतो, खेळ चालवणाऱ्या माणसाचा असतो, हेही तिनं मला सांगितलं. मला ते फार पटलं. ग्रंथाला मन असू दे. पण तो हाती घेणाऱ्याचं मन त्याहून दुबळं राहिलं तर ग्रंथ जागा आणि माणूस निजलेला, अशी घरं तयार होतात.

माझ्या कपाटात आता पोथीच्या शेजारी संविधानाची मराठी प्रत आहे. सीमाभागातल्या माणसाला ती कधी ना कधी उघडावीच लागते. ज्या १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यांची नवी मांडणी झाली, त्याच दुरुस्तीनं अनुच्छेद ३५०क आला: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात. इकडच्या मराठी शाळेचा विषय निघाला की जाणते लोक हा क्रमांक तोंडपाठ सांगतात. सीमेचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला तोही याच ग्रंथाच्या आधारानं. या ग्रंथात शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत आणि कशी दुरुस्ती करायची तेही त्यातच लिहिलं आहे. त्याला सोवळं लागत नाही. तो कुणी वाचायचा, यावर बंदी नाही. पण बासनात बांधून ठेवला तर तोही नुसता नमस्कारापुरता उरेल.

मी आजही मार्गशीर्षात सप्ताह करते. रिकामा पाट मांडते, घेवड्याची भाजी करते, एकेचाळिसाव्या अध्यायातलं कन्नड प्रेमानं म्हणते. श्रद्धा सोडावी असं मला कधी वाटलं नाही. डोळे मिटून ऐकणं तेवढं मी सोडलं. तुमच्या घरी पोथी असेल तर ती लेकीच्या आणि सुनेच्या हातात द्या. अठ्ठाविसावा अध्याय गाळू नका, घाईनंही वाचू नका. तो संपल्यावर घरात त्यावर बोला. आणि त्याच आठवड्यात एक संध्याकाळ संविधानाची काही पानं मुलांना वाचून दाखवा. जो कायदा आपल्याला लागू आहे तो स्वतः वाचायला कुणाचीही परवानगी लागत नाही.