चिंधी लावू की नको?

वीकएण्ड आणि दारू म्हटल्यावर तुमच्या डोक्यात जे आलं ना, ते नाही! ही काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक.

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी सध्या पेनसिल्व्हेनियात आहे. इथे चकमकीच्या बंदुकीने हरणांची शिकार करायला वेगळा सीझनच असतो. टीममधल्या एकाकडे 'ब्राऊन बेस'ची हुबेहूब नक्कल आहे. ब्राऊन बेस म्हणजे इंग्रजांची ती लांबलचक बंदूक. १८०३ साली असईला मराठ्यांसमोर उभ्या ठाकलेल्या पलटणींच्या हातात याच घराण्यातल्या बंदुका होत्या. म्हणजे ओळख जुनीच!

या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, साधारण १९ मिलिमीटर रुंद. शिशाची गोल गोळी मात्र साडेसतराची. मधल्या फटीतून धूर निसटतो आणि गोळी नळीत टप्पे खात जाते. शेवटचा टप्पा जिकडे पडेल, तिकडे तिची स्वारी! उपाय सोपा आहे. गोळीखाली तेलात भिजवलेली सुती चिंधी ठेवायची. गादीच्या खोळीचं जाड कापड त्यासाठी एकदम बेस्ट. फट बुजते, गोळी मधोमध बसते. मग अख्खी फौज बिनचिंधीची का लढली? इंग्रजांना एवढंही कळू नये?

पेशाने मी सॉफ्टवेअर टेस्टर. त्यामुळे नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू तेवढीच, गोळी तीच, अंतर ५० यार्ड. बार तो काढणार, मोजमाप माझं. चिंधीच्या पाचही गोळ्या जेवणाच्या ताटात मावतील एवढ्या जागेत लागल्या. बिनचिंधीच्या, म्हणजे नुसता कागदाचा बोळा ठासलेल्या, चार गोळ्या पेपरच्या पानभर विखुरल्या. पाचवी कुठे गेली देव जाणे! पाच-पाच बारांवर कुणी रिलीज नोट लिहू नये, हे मान्य. पण फरक डोळ्यांना दिसत होता.

खरी गंमत स्टॉपवॉचवर होती. बिनचिंधीची गोळी नळीत सुळकन उतरायची. चिंधीची मात्र गजाने रेटावी लागायची. त्यात काळ्या दारूची काजळी आत साचत जाते. पाचव्या बाराला गडी घामाघूम!

तेव्हाच्या कसलेल्या शिपायाकडून मिनिटाला तीन बारांची अपेक्षा असे. समोर एक माणूस नाही, खांद्याला खांदा लावून उभी असलेली अख्खी रांग. तिथे नेमका नेम हवा होता कुणाला? नळी काजळली तरी पुढची गोळी उतरली पाहिजे, म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर तो बग नव्हता, ते फीचर होतं.

हिशेब अचूक होता, फक्त त्यात माणसं नगावर मोजलेली होती. तो कागद पाहताना मला पहिल्यांदाच असं वाटलं, की कुठलीही टेस्ट पास झाली तरी ती कुणाच्या बाजूने पास झाली, हेही विचारायला हवं.